चालेल हळूहळू

माझी मुलगी कधी रांगली नाही. ती बसल्या बसल्या सरकायची. एक पाय मुडपून अंगाखाली घ्यायची, दुसरा पुढे टाकायची, उजवा तळवा फरशीवर दाबायची आणि सगळं अंग पुढे लोटायची. सर्र, मग थप. पुन्हा सर्र, थप. सुरुवातीला आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं. नवरा संध्याकाळी कामावरून आला की तिच्यासमोर तसाच फतकल मारून बसायचा आणि दोघं हॉलभर शर्यत लावायची.

आम्ही तेव्हा दिल्ली सोडून नुकतेच गुडगावला राहायला आलो होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना मानेसरच्या बाजूला नवा सुरू झाला होता, जपानी भागीदारीतला. नवऱ्याला तिथे नोकरी लागली होती. कंपनीची बस सकाळी त्याला घेऊन जायची आणि अंधार पडता पडता परत आणून सोडायची. आमची इमारत आठ मजल्यांची होती, पण राहणारी माणसं थोडीच. बाकीचे फ्लॅट लोकांनी घेऊन कुलूप लावून ठेवले होते. आमच्या डोक्यावर कुणी नाही, शेजारी कुणी नाही. समोर मोहरीची शेतं, त्यांच्यापलीकडे आणखी दोन इमारतींचे सांगाडे. दुपारी वीज जायची. मग पंखा थांबायचा, फ्रिजची घरघर थांबायची आणि घरात तेवढाच एक आवाज उरायचा. सर्र, थप.

मी सांगलीची. माहेरी घर सतत माणसांनी भरलेलं, त्यामुळे ती शांतता मला बाधायची. वरच्या रिकाम्या फ्लॅटमध्येही कुणीतरी सरकतंय असं वाटून मी कितीदा छताकडे बघत उभी राहिले असेन.

मुलीचा पहिला वाढदिवस झाला. ती उभी राहत नव्हती. उभी करायला गेलं की पाय जमिनीला टेकवायचीच नाही, गुडघे वर उचलून हवेतच बसल्यासारखी लोंबकळायची. खालच्या मजल्यावर एक पंजाबी बाई राहायच्या. त्यांचा नातू हिच्याच वयाचा होता आणि तो जिन्यावरून खाली उतरायला बघत होता.

"हमारा तो दस महीने में भाग रहा था जी," त्या मला सांगायच्या. मग माझा चेहरा बघून लगेच, "कोई बात नहीं, लड़कियाँ आराम से चलती हैं."

सांगलीहून आईचा फोन आला की ती म्हणायची, "तूसुद्धा उशिराच चाललीस. चालेल हळूहळू." नवरा म्हणायचा, "अगं टेन्शन नको घेऊस यार, चालेल हळूहळू." जो भेटेल तो तेच म्हणायचा. मला त्या शब्दांचा आधार वाटायचा. मी स्वतःशी ते पुटपुटत कुकर लावायचे, कपडे वाळत घालायचे.

हे शब्द कधीच उच्चारले नाहीत ते फक्त माझ्या सासूबाईंनी.

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई पश्चिम दिल्लीत त्यांच्या लहानशा घरात एकट्या राहायच्या आणि थंडी सुरू झाली की आमच्याकडे यायच्या. लग्न होऊन दिल्लीत आलेल्या आणि इथेच म्हाताऱ्या झालेल्या. घरात चोख मराठी, दाराबाहेर तितकीच चोख हिंदी. त्या वर्षी आल्या तेव्हा नात सव्वा वर्षाची झाली होती. दारात उभ्या राहून त्यांनी हात पसरले. मुलगी हॉलच्या त्या टोकाला बसलेली होती. आजीला बघून हसली आणि सरकत निघाली.

सासूबाईंचे हात हळूहळू खाली आले. मुलगी त्यांच्या पायांशी येऊन पोचली, साडी धरून वर बघत राहिली, तरी त्यांनी तिला उचललं नाही. "प्रवासाचे हात आहेत, धुऊन येते," असं म्हणून त्या आत गेल्या. बराच वेळ बाथरूममधून पाण्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. सासूबाई मुलीचं सगळं करायच्या, तिला भरवायच्या, उन्हात बसवून तेल चोळायच्या. पण चोळताना पोटऱ्या हातात घेऊन थांबायच्या, दाबून बघायच्या आणि पुन्हा दाबायच्या. मुलगी सरकायला लागली की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. एकदा दुपारी वीज गेलेली असताना मी त्यांना चहा द्यायला गेले, तर त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते. मी कप तसाच घेऊन परत फिरले.

त्याच सुमारास आईचा पुन्हा फोन आला. स्पीकरची सोय असलेला आमचा नवा फोन होता आणि नवऱ्याला त्याचं फार अप्रूप, त्यामुळे माझ्या माहेरचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जायचं. आई म्हणाली, "बाबा सुताराकडून पांगुळगाडा करून घेतायत. येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते."

"काय गाडा?" नवऱ्याने विचारलं. तो जन्माने, शिक्षणाने दिल्लीचा. असे शब्द त्याच्या वाट्याला आले नव्हते.

"पांगुळगाडा. लाकडी असतो. तीन चाकांचा. धरून चालायला."

"अच्छा, वॉकर! पण पांगूळ म्हणजे काय?"

फोनवर आई हसली. "अहो, पांगळा. ज्याला चालता येत नाही तो."

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या. हातातली जुडी जमिनीवर पडली ती त्यांनी उचलली नाही. मुलगी टेबलाखालून सरकत त्या जुडीकडे निघाली, तेव्हा सासूबाई तिला म्हणाल्या, "नको गं, मातीची आहे ती," आणि पुढे एक नाव घेतलं.

ते नाव माझ्या मुलीचं नव्हतं.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने फोन ठेवून दिला होता आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. सासूबाईंना आपण काय बोललो ते कळलं की नाही कोण जाणे. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे कुणाचं नाव?" मी विचारलं.

तो खाली बसून मेथी गोळा करायला लागला. "ताईचं," म्हणाला.

"कुठली ताई?"

"माझी. माझ्याहून मोठी होती."

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं होत आली होती. मी त्या घरातले सगळे अल्बम पाहिले होते, श्राद्धाचा स्वयंपाक केला होता, त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना ओळखत होते. एकाच्याही तोंडून मी या बहिणीबद्दल ऐकलं नव्हतं.

"तिला काय झालं?"

"ती चालायची नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, मुलीकडे न बघता, "अशीच सरकायची."

मी मुलीला उचलून घेतलं, उगाचच, आणि तिचे पाय माझ्या हातांनी झाकून धरले. त्याला आणखी विचारायचं धाडस मला झालं नाही आणि त्यानेही आणखी काही सांगितलं नाही.

सासूबाई चहाच्या वेळेला बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "हिला डॉक्टरकडे न्यायचं. मोठ्या हॉस्पिटलात. उद्याच."

"आई, सगळे म्हणतात की चालेल..."

"मला नको सांगूस ते." त्या इतक्या जोरात बोलल्या की मुलगी दचकली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मलासुद्धा सगळे हेच म्हणायचे. सासू म्हणायची, शेजारणी म्हणायच्या, दवाखान्यातली नर्स म्हणायची. चालेल हळूहळू. मी वाट बघत राहिले. तिला सहावं लागलं तरी मी वाट बघत होते."

उद्याच जाता आलं नाही, पण त्याच आठवड्यात नवऱ्याने रजा काढली आणि आम्ही चौघं दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. गाडीत मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. बाहेर धुकं इतकं होतं की समोरच्या ट्रकचे दिवेच काय ते दिसायचे.

डॉक्टर वयस्कर होते, केस पूर्ण पांढरे. त्यांनी मुलीला आधी नुसतं जमिनीवर सोडलं आणि सरकताना बघितलं. मग टेबलावर घेऊन तिचे पाय वाकवले, सरळ केले, गुडघ्यावर छोट्या हातोडीने टकटक केलं, काखेत धरून उचललं. तिने नेहमीसारखे गुडघे वर घेतले. ते हसले. माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "काही मुलं रांगतच नाहीत, अशीच सरकतात. ती उशिराच चालतात. घरात आणखी कुणी असं सरकायचं का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"मेरी बेटी," त्या म्हणाल्या. "ऐसे ही सरकती थी. कभी चली नहीं. दसवें साल में गुज़र गई."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. ती कधी बसायला लागली? मान कधी धरली? हातात वस्तू नीट धरायची? गिळायला त्रास व्हायचा? पाय कसे होते? सासूबाई एकेका प्रश्नाचं उत्तर न अडखळता देत होत्या, जणू ती मुलगी शेजारच्या खोलीत बसली होती आणि त्या नुकत्याच तिला भरवून आल्या होत्या.

"पैर कपड़े जैसे थे," त्या म्हणाल्या. "जैसे धुले हुए कपड़े होते हैं ना, वैसे."

डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या मांड्या पुन्हा तपासल्या. सासूबाईंचा हात धरून त्यांनी तो मुलीच्या तळव्याला लावला. मुलीने जोरात लाथ मारली.

"ये देखिए. इसके पैर में ताक़त है. ये वो बीमारी नहीं लगती." तरीही त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली आणि दर महिन्याला आणून दाखवायला सांगितलं.

आम्ही उठलो. सासूबाई बसूनच राहिल्या. पदराचं टोक बोटांत घट्ट धरून त्यांनी विचारलं, "डॉक्टर साहब, मैं उसको इतनी उमर में ले आती, तो बच जाती?"

खोलीत बाहेरच्या रांगेचा गलका येत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला. "माताजी," ते म्हणाले, "उस ज़माने में हमें इस बीमारी का नाम भी ठीक से नहीं आता था. आज आप उसको लेकर आतीं, तो नाम बता देता. इलाज आज भी नहीं है."

सासूबाईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "भला माणूस आहे. खोटा धीर दिला नाही त्याने."

रक्त देऊन झाल्यावर आम्ही आवारातल्या हिरवळीवर बसलो. धुकं विरून कोवळं ऊन पडलं होतं. गावोगावचे लोक तिथे चादरी टाकून बसले होते, कुणी जेवत होते, कुणी नुसतेच पडलेले. मी पोळीभाजीचा डबा उघडला. आणि तिथे, त्या अनोळखी गर्दीत, सासूबाई बोलायला लागल्या. घरात इतकी वर्षं जे बोलल्या नव्हत्या ते सगळं.

सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते ते तेव्हा. ती मुलगी पाच वर्षांची असताना हा झाला, माझा नवरा. हा अगदी वेळेवर बसला, वेळेवर रांगला. एक दिवस भिंत सोडून चालत खोलीच्या मधोमध आला. "मी टाळी वाजवायला हात वर केले," सासूबाई म्हणाल्या, "आणि ती खिडकीजवळच्या खाटेवरून बघत होती. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. मी हात खाली घेतले. याला उचललं आणि स्वयंपाकघरात घेऊन गेले. कुणाला सांगितलंसुद्धा नाही. यांना आठवड्याने कळलं पोरगा चालतो म्हणून."

नवरा गवत उपटत होता. "मला पळू द्यायची नाहीस," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. "म्हणायचीस, पळू नकोस, ताई बघतेय."

"हो."

"मला वाटायचं, ताई मोठी झालीय म्हणून तिला चालावं लागत नाही. मोठं झालं की सगळे आपल्याला उचलून नेतात, असं वाटायचं मला. मी वाट बघायचो मोठं व्हायची."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला एकाएकी नवऱ्याची चाल आठवली. तो घरात अजिबात आवाज न करता चालायचा. मागे येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही आणि मी किती वेळा किंचाळले होते. लग्नानंतर मी त्याला चिडवायचे, मांजराच्या पावलाचा म्हणून.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. तरीसुद्धा तो हिवाळा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. डॉक्टरांवर विश्वास होता, पण आता घरात आणखी एक मुलगी होती आणि ती माझ्या मनातून हलत नव्हती. मी कधी तिचा फोटो पाहिला नव्हता, त्यामुळे ती माझ्या मुलीचाच चेहरा घेऊन यायची. हॉलमध्ये सरकण्याचा आवाज आला की आपली मुलगी तर पाळण्यात झोपली आहे ना, असं वाटून मी उठून बघायचे. मुलगी हॉलमध्येच असायची. पाळणा रिकामा असायचा. क्षणभर मला कळायचं नाही यातलं कुठलं जास्त भीतीचं.

पांगुळगाडा आला. नवऱ्याने तो खोक्यातून काढून कोपऱ्यात ठेवला. मुलगी त्याच्याकडे सरकत गेली, चाकं फिरवून पाहिली आणि त्याला उलटा करून वाजवायला लागली. महिनाभर तो ढोलकं म्हणून वापरला गेला. मग एके दिवशी दांडा धरून ती उभी राहिली आणि बराच वेळ तशीच उभी होती, बसमध्ये दांडा धरून उभ्या असलेल्या माणसासारखी. पुढे काही केलं नाही.

होळीच्या आसपास थंडी ओसरली. सासूबाई परत जायच्या तयारीत होत्या. मी स्वयंपाकघरात होते, त्या गॅलरीच्या उन्हात सतरंजीवर बसून शेवटचे मटार सोलत होत्या आणि मुलगी कधी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहत होती, कधी सरकत हॉलमध्ये येत होती. मग काहीतरी शांत झालं. नेहमीचं काहीतरी ऐकू येईनासं झालं म्हणून मी हात पुसत बाहेर आले.

मुलगी हॉलच्या मधोमध, कशालाही न धरता उभी होती. मुठीत मटारची शेंग होती. तिने एक पाऊल टाकलं. डुलली. आणखी एक टाकलं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर हॉलच्या खिडकीकडे होती, खाली, एखादी खाट असते त्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. नुसती भिंत, आणि भिंतीवर उन्हाचा पट्टा. पण त्यांचा चेहरा रिकाम्या भिंतीकडे बघणाऱ्या माणसाचा नव्हता. कुणाची तरी परवानगी मागावी तसा होता. मीही जागची हलले नाही. मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती आणि तिला कळत नव्हतं की एवढं झालं तरी कुणी काही बोलत का नाही.

शेवटी सासूबाईंनी टाळी वाजवली. मांडीवरचे दाणे सगळे फरशीवर घरंगळले. त्यांनी पुन्हा वाजवली, आणखी जोरात, आणि मुलगी खदाखदा हसून धप्पकन खाली बसली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने चालायला साफ नकार दिला. पुढचे कितीतरी दिवस ती कधी चालायची, कधी सरकायची. मग सरकणं संपलं आणि कुठल्या दिवशी संपलं ते आमच्या लक्षातही राहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी त्यांच्या मुलाला सांगितलं, मला एकदा क्वार्टर बघायचंय. आम्ही एका रविवारी गेलो. तशाच पिवळ्या इमारती, तशीच कडुनिंबाची झाडं, असं त्या म्हणाल्या. मी तर पहिल्यांदाच बघत होते. तळमजल्यावरच्या त्या घरात आता एक बिहारी कुटुंब राहत होतं. आम्ही दारात घुटमळत होतो. त्या घरच्या बाईने कोण, काय विचारलं आणि आम्हाला आत बोलावून बसवलं, सरबत केलं. खिडकीजवळ त्यांचा मोठा टीव्ही होता आणि त्यावर दुपारचा पिक्चर लागला होता. सासूबाई टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. त्या बाईला वाटलं त्यांना पिक्चर बघायचाय. तिने खुर्ची पुढे केली.

"कितने बच्चे हैं आपके, माँजी?" तिने विचारलं.

हा प्रश्न आमच्यासमोर किती जणांनी सासूबाईंना विचारला असेल. उत्तर नेहमी एकच असायचं, "एक ही बेटा है."

"दो," सासूबाई म्हणाल्या. "एक लड़की, एक लड़का."

"लड़की कहाँ है? दिल्ली में ही?"

"यहीं थी," त्या म्हणाल्या. "इस खिड़की में बैठती थी."

त्या बाईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढे काही विचारलं नाही. जाऊन टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रं नुसतीच हलत राहिली. नवरा उठून मुलीला घेऊन बाहेर झाडाखाली गेला आणि आम्ही तिघी बायका तिथे बसून राहिलो, सरबत संपेपर्यंत आणि नंतरही.

परतताना गाडीत सासूबाई मला सांगत होत्या की सकाळी दुधाच्या केंद्रावर रांग लागायची ती त्या खिडकीतून दिसायची आणि ती मुलगी रांगेतल्या प्रत्येकाला नावाने हाका मारायची. लोक थांबून बोलायचे तिच्याशी. ती गेल्यावरही काही दिवस लोक सवयीने खिडकीशी थांबायचे. मग सासऱ्यांनी पडदा लावून घेतला. बोलता बोलता धौलाकुआँचा चौक मागे पडल्यावर त्यांना झोप लागली.